टाळलेले अकरा शब्द

"इंग्रजी येतं, पण लांबलचक शब्द आला की जीभ अडखळते. माझ्यात आत्मविश्वास कमी आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. 26 वर्षांचा एक तरुण हेच घेऊन आला होता. मीटिंगमध्ये त-त-प-प होतं म्हणून त्याने बोलणंच कमी केलं होतं.

पहिली दोन सत्रं मी भीतीवर घालवली. श्वासाचे व्यायाम, मनातले विचार लिहून काढणं, नेहमीचंच. फरक शून्य. तिसऱ्या वेळी म्हटलं, "जे शब्द टाळता, ते लिहा बरं." अकरा निघाले. एकही चार सिलॅबलांपेक्षा, म्हणजे एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या चार तुकड्यांपेक्षा, छोटा नव्हता! 'रिस्पॉन्सिबिलिटी' आली की तो 'ड्यूटी' म्हणून वेळ मारून न्यायचा. भीती होती, पण मागाहून आलेली. शब्द कुठे तोडायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"हनुवटीखाली हात धरा आणि सावकाश म्हणा." रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. सहा. स्पेलिंगमधली अक्षरं नाही, कानाला येणारे स्वर मोजायचे. पण तो सहाही सारख्याच जोरात म्हणत होता, पाढे म्हटल्यासारखे. मराठीत हे खपतं. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा मान देतो. इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची त्याच्या आडोशाला पुटपुटली जातात. इथे जोर 'बि'वर. शेवटी 'इटी' असेल तर आघात तिच्या लगेच आधी, 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर. 'शन'चंही तेच: 'कम्युनिकेशन'मध्ये 'के'. आणि 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर असलेला जोर 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर सरकतो, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला.

मग शेपटाकडून चढलो: टी, लिटी, बिलिटी, सिबिलिटी. शेवट आधी जिभेवर बसला की मध्येच दम सुटत नाही.

पुढच्या वेळी तो वैतागूनच आला. "'कम्फर्टेबल'चे मी चार मोजले, डिक्शनरीतला आवाज तीनच म्हणतो!"

"हो, मधला एक गिळतात."

"मग नियम कशाला?"

प्रश्न रास्त होता. 'फोटोग्राफिक'सारखा शेवटच्या 'इक'च्या आधी जोर म्हणावं, तर 'अरिथमॅटिक' दुसऱ्याच सिलॅबलवर जोर घेऊन बसतं. म्हणून शंका आली की डिक्शनरी. बऱ्याच डिक्शनऱ्यांत उच्चारामध्ये आघाताच्या सिलॅबलआधी वर छोटी उभी रेघ असते. ती शोधायची सवय त्याला लागली.

परवाच्या मीटिंगमध्ये 'रिस्पॉन्सिबिलिटी' तीनदा म्हणाला म्हणे. 'पर्टिक्युलरली' अजून टाळतो.