कॅनकूनचं ६,९०० डॉलरचं पॅकेज, आई-बाबा आणि इमर्जन्सी फंड

ताई, तुमचा मेल वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही डॅलसला, मिस्टर एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही एच-फोर ह्या जोडीदाराच्या व्हिसावर आणि तुम्हाला सध्या काम करता येत नाही, म्हणजे घरात पगार एकच. सांगलीहून आई-बाबा जूनमध्ये येतायत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार. त्यांना आणि दोन्ही मुलांना घेऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या हॉटेल झोनमध्ये ६ रात्री, दोन खोल्या, ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे खाणंपिणं धरून, विमानासकट ६,९०० डॉलर, नॉन-रिफंडेबल. रिफंडेबल हवं तर ७,८००. सेल तीन दिवसांत संपतोय. पैसे इमर्जन्सी फंडातून काढायचे, तिथे १४,००० आहेत आणि महिन्याचा खर्च ५,५००.

फिरायला जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही. आई-बाबा रोज रोज येत नाहीत आणि डॅलसहून कॅनकून जेमतेम तीन तासांची फ्लाइट आहे. पण हे पॅकेज, ह्या तारखेला, ह्या पैशातून, नको.

आधी पैसा. १४,००० म्हणजे अडीच महिने. त्यातून ६,९०० गेले की उरले ७,१००, सव्वा महिना. अमेरिकन सहकाऱ्याला एकवेळ चालेलही हे, पण तुमच्याकडे नोकरी गेली तर देशात राहायला ६० दिवसांचा ग्रेस पीरियड असतो, तेवढ्यात दुसरी कंपनी नाही मिळाली तर चार तिकिटं, लीज मोडायचा दंड, गाडी पडेल भावात विकणं, सामान पाठवणं, सगळं एकदम अंगावर येतं. व्हिसावर असलेल्या घराला मी सहा महिन्यांचा फंड सांगतो. तुमचा आधीच अर्ध्याहून कमी आहे, त्याला हात नको.

आता तारीख. अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्टमध्ये तो तापायला लागतो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा नावाचं वादळ कॅनकूनवर ठाण मांडून बसलं होतं, आणि २०२४ मध्ये तर बेरिल जुलैच्या पहिल्याच आठवड्यात तुलुमजवळ धडकलं. अशा दिवसांत नॉन-रिफंडेबल घेऊन ९०० वाचवणं म्हणजे मृगात छत्री घरी ठेवून निघणं. शिवाय उन्हाळ्यात सार्गासम येतं, तपकिरी समुद्री शेवाळ, किनाऱ्यावर ढीग लागतात आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हॉटेलच्या फोटोत हे दिसत नाही!

आणि ऑल-इन्क्लुझिव्हचं गणित बघा. विमानाचे २,१०० वजा केले तर रिसॉर्टचे ४,८००, म्हणजे रोजचे ८००. त्यात दारू धरलेली असते, लॉब्स्टर धरलेला असतो. तुम्हीच लिहिलंय की बाबा माळकरी आहेत, आई अंडंसुद्धा खात नाही. म्हणजे दोन माणसांच्या टकिलाचे पैसे भरायचे आणि त्यांनी फळं, भात नि ब्रेड खाऊन सहा दिवस काढायचे. वर क्लबवाल्या भागाजवळचं हॉटेल मिळालं तर पहाटेपर्यंत धडधड. साडेनऊला झोपणाऱ्या माणसांना कुठे नेताय?

पण तुम्हाला चहलपहल हवीये हेही बरोबर आहे, नुसतं पूलच्या काठावर बसून मुलं कंटाळतात. माझा सल्ला, त्याच किनाऱ्यावरचं प्लाया देल कार्मेन गाव. कॅनकूनच्या विमानतळावरून आडो कंपनीची बस जाते, तासाभराचा रस्ता. तिथे किंता अवेनिदा म्हणून पायी फिरायचा लांबलचक रस्ता आहे, दुकानं, वाजवणारे, आइस्क्रीम, संध्याकाळी आपल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी, फक्त हॉर्न नाहीत. त्यापासून तीन-चार गल्ल्या आत तुम्ही स्वतःच शोधलेला तो १७० डॉलरवाला दोन बेडरूमचा, किचनवाला फ्लॅट घ्या. मक्याचा टॉर्टिया गरम मिळतो, बाबांना भाकरीचा भाऊच वाटेल, त्याबरोबर ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी, आणि घरी शिजवलेली घेवड्याची उसळ. बाहेर खाताना बीन्सना डुकराची चरबी घातलेली असू शकते, म्हणून "सिन मांतेका", म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा.

तारीख नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याची. वादळांचा सीझन संपत आलेला, शेवाळ खूप कमी, मुलांची शाळाही बंद आणि आई-बाबा अजून इथेच. तिकीट महाग पडेल, खरंय, मी ४०० धरतोय. सहा जणांचे २,४००, पाच रात्रींचा फ्लॅट क्लीनिंग नि फी धरून १,१००, खाणं ६००, बस-टॅक्सी २००, एक सेनोते (गोड्या पाण्याचं नैसर्गिक कुंड) आणि फेरीने कोझुमेल बेट ४००. झाले ४,७००. एप्रिल ते ऑक्टोबर महिना ५०० बाजूला टाकलेत तर ३,५००, उरलेले १,२०० यंदाच्या १,९०० च्या टॅक्स रिफंडातून. फंड जसाच्या तसा. फ्लॅट फुकट कॅन्सल होणाराच घ्या, थोडा महाग पडला तरी.

तुम्ही विचारलेली "९० मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐका, २०० डॉलर क्रेडिट घ्या" ही ऑफर, ती टाइमशेअरची आहे, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क विकतात. २०१८ मध्ये मी असाच एका ठिकाणी नाश्त्याला बसलो, असे धंदे ओळखायला शिकवणारा माणूस असून चार तास सुटलो नाही, तिसरा "मॅनेजर" आला तेव्हा बायकोने सरळ पर्स उचलली. विमानतळाच्या बाहेर पडतानाच गळ्यात कार्ड अडकवलेले लोक "टॅक्सी? टॅक्सी?" करत येतील, बरेचसे हेच विकतात, मान खाली घालून पुढे चला. चुकून सही झालीच तर मेक्सिकोच्या नियमाप्रमाणे पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतं, लेखी कळवायचं. रद्द नाही केलं तर दरवर्षीचा मेंटेनन्स वाढत राहतो.

एटीएम किंवा कार्ड मशीनने डॉलरमध्ये घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, पेसोच. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये मेक्सिको धरलंय का ते पॉलिसी वाचून बघा.

कागदांचं शेवटी लिहितोय पण करायचं आधी. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा दहा वर्षांचा आहे, प्रश्न नाही. पण मिस्टरांचं एक्स्टेन्शन फक्त कागदावर झालंय आणि पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय असं तर नाही ना, तसं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि धाकटी इथेच जन्मलीये, पाच वर्षांची. लहान मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, तान्ही असताना काढलेला असणार, नव्यासाठी दोघांना तिच्याबरोबर जावं लागतं. आज रात्री कपाटातून काढून तारीख बघा.