वाचकांचे प्रश्न : घराच्या रक्षणासाठी शस्त्र निवडताना

प्रश्न : आमचे कुटुंब गावापासून दूर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहते. यंदा शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, तेव्हापासून घरात शस्त्र असावे असे सर्वांना वाटते. धाकट्या भावाच्या मते रिव्हॉल्व्हर घ्यावे, कारण ते कमरेला राहते. वडील म्हणतात, दोन नळ्यांची छऱ्यांची बंदूक, म्हणजे दुनळी बारा बोरच बरी. परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी आपले मत हवे आहे. (एक शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : वडिलांचे म्हणणे मला पटते. मध्यरात्री कुत्री भुंकू लागल्यावर दचकून उठलेल्या माणसाचा हात स्थिर नसतो, आणि अशा हाताने आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा नेम दहा-पंधरा पावलांवरही हुकतो. शिवाय घोडा (मागची हातोडी) आधी न चढवता चाप ओढायचा झाल्यास तो इतका जड लागतो की, नियमित सराव नसलेल्याच्या हातात नळी हमखास खाली किंवा बाजूला जाते. लांब नळीची बंदूक खांद्याला टेकते, दोन्ही हातांत राहते आणि रोख समजायला सोपी असते. दुनळीचा आणखी एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो : ती मोडून उघडली की आत काडतूस आहे की नाही, हे घरातल्या कोणालाही कंदिलाच्या उजेडातही दिसते. पंप अ‍ॅक्शन बंदुकीत, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीत, काडतुसे जास्त मावतात हे खरे, परंतु घाईत पंप अर्धवट ओढला गेला की ती अडकते, आणि एखादे काडतूस आत राहून गेले तर ते वरून कळत नाही.

कायद्याचा कलही तुमच्या वडिलांच्याच बाजूने आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार, रक्षणासाठी किमान २० इंच लांबीच्या आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक (दुनळी बारा बोर याच प्रकारची) मागणाऱ्या नागरिकाला, नकाराचे कायदेशीर कारण नसल्यास, परवाना द्यावा असे म्हटले आहे. रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण असल्याचे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी ही त्यातली मुख्य अंगे आहेत. परवाना हाती येण्यापूर्वी कोणी ‘नंतर कागद करू’ म्हणून गावठी कट्टा देऊ केला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्या कट्ट्याला कधीच कागद होत नाही आणि तो फुटून स्वतःचीच बोटे जाण्याची भीती असते ती वेगळी.

कमरेला राहते, हे भावाचे कारण मला सर्वांत कच्चे वाटते. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीस शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, तेव्हा चर्चा झाली ती कमरेचे शस्त्र मिरवण्याची आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफितींची. लग्नात वा मिरवणुकीत बार काढण्याची हौस असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आता घराकडे पाहा, कारण बंदूक कोणती याहून ती कुठे झाडली जाणार हा प्रश्न मोठा आहे. जुन्या माळवदाच्या दोन-अडीच हात जाडीच्या मातीच्या भिंतीत छर्रे सहज जिरतात. आखाड्यावरची आजची घरे मात्र बहुधा पत्र्याची असतात, आणि पत्रा कोणतेही काडतूस अडवत नाही. बारा बोरच्या एल.जी. काडतुसात सहा आणि एस.जी. काडतुसात नऊ मोठे छर्रे असतात. ते पत्र्यातून पलीकडे जाऊन जनावरांच्या गोठ्यात किंवा ऊसतोड कामगारांच्या कोपीत शिरू शकतात. तेव्हा दिवसाउजेडी आखाड्याभोवती एक फेरी मारून, कोणत्या दिशेला माणसे निजतात, कोणत्या दिशेला नुसते रान आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ठरवून ठेवावे. याच कारणाने घरासाठी .३१५ बोरची रायफल मी कोणालाही सुचवणार नाही. तिची गोळी एक किलोमीटरच्याही पुढे जाते आणि मराठवाड्याच्या सपाट रानात तिला अडवायला काही नसते.

बंदूक कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, किल्ली लहान मुलांना ठाऊक नसावी. कापूस किंवा सोयाबीन साठवलेल्या खोलीत बंदूक ठेवू नये; तिथली धूळ आणि ओल नळीत गंज धरते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळीतून कोरडे फडके, मग तेलाचे फडके फिरवावे. घरचे सगळे लग्नाला किंवा पंढरीला निघाले, तर बंदूक रिकाम्या आखाड्यावर कुलपात सोडून जाणे हा सर्वांत मोठा धोका आहे. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून जावे. आणि एक गोष्ट बंदुकीच्या आधी करावी : अंगणात दूरवर उजेड टाकणारा दिवा, आतून लागणारी भक्कम कडी आणि शेजारच्या वस्तीशी ठरलेला फोन. दरोडेखोर बहुधा अंधार आणि एकाकीपणा पाहूनच घर निवडतात.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आमच्या घरी तीन बंदुका आहेत : एक ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची), एक जुनी विलायती दुनळी आणि एक कानपूरचे रिव्हॉल्व्हर. छोटा संग्रह म्हणून तिन्ही जपता येतील का? (एक निवृत्त शिक्षक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : तिन्ही एकट्याच्या नावावर ठेवता येणार नाहीत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला परवान्यावर ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लावली. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे केली. वडिलांचे निधन झाले असल्याने त्यांचा परवाना तुमच्या कामाचा नाही, म्हणून प्रथम तिन्ही शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारस म्हणून अर्ज करावा. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की, परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी होईल तेव्हा, ते वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. तिसरे शस्त्र पात्र असलेल्या भावाने किंवा बहिणीने स्वतःच्या परवान्यावर घेणे हा घरातला वारसा घरातच राखण्याचा सरळ मार्ग आहे.

कोणती दोन ठेवावीत, याला माझे उत्तर आहे : ठासणीची आणि दुनळी. रिव्हॉल्व्हर पुन्हा मिळते. कानपूरला ते आजही बनते. जुनी दुनळी मात्र नीट पाहावी लागेल. नळ्या उघडून चुलीच्या बाजूचे, म्हणजे काडतूस बसते त्या टोकाखालचे शिक्के भिंगाने वाचा. लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरे असतील तर बंदूक बेल्जियममधील लीएज येथे तपासलेली आहे; मुकुटाखाली बी, पी ही अक्षरे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची खूण आहेत. नळीच्या पृष्ठावर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी वेलबुट्टी दिसत असेल, तर ती लोखंड व पोलाद पिळून केलेली दमास्कस नळी आहे. अशी नळी जुन्या काळच्या काळ्या (धूर करणाऱ्या) बंदुकीच्या दारूसाठी घडवलेली असते. आजची धूरविरहित दारूची काडतुसे, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असली तरी, तिच्यात घालू नयेत, कारण दाब सहन न होऊन ती फाटू शकते. अनेक जुन्या बंदुकांची काडतुसाची खाच अडीच इंचांची असते आणि तिच्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखे वाटले तरी तोंड उलगडायला जागा उरत नाही. म्हणजे ती बंदूक भिंतीवरच शोभते, आणि रक्षणाचे काम तिच्यावर सोपवू नये.

ठासणीची बंदूक जुनी आहे म्हणून परवान्यातून आपोआप सुटते, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. दुरुस्त करूनही जी चालू शकत नाही, अशाच पुराण्या किंवा मोडक्या शस्त्राला कायद्याने वगळले आहे. निप्पल, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी बसते ती छोटी नळी, बदलून जी पुन्हा पेटेल ती त्यात येत नाही. संग्रहाचा खरा शौक ज्यांना आहे, त्यांनी परंड्याच्या किल्ल्यातील तोफा आणि देवगिरीवरची मेंढ्याच्या तोंडाची तोफ निवांत पाहावी. त्यांना परवाना लागत नाही.

प्रश्न : रात्री दुकानात किंवा घरात चोर शिरला आणि मी परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडली, तर मी दोषी ठरेन का? (एक व्यापारी, जालना)

उत्तर : ते त्या क्षणी काय घडत होते यावर ठरेल. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मालमत्तेच्या रक्षणात जीव घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडणे, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यू वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटेल अशी चोरी व अतिक्रमण, अशा प्रसंगीच पोहोचतो. तेव्हाही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. भिंतीवरून उडी टाकून पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी न्यायालयात स्वसंरक्षण म्हणून टिकवणे फार कठीण आहे. म्हणून कुटुंब एका खोलीत, दार आतून बंद, ११२ ला फोन आणि बंदूक दाराकडे रोखलेली, हा क्रम मी सुचवेन. ऐवजाच्या मागे अंधारात धावू नये.

प्रश्न : परवाना लागत नाही म्हणून एअर पिस्तूल जवळ ठेवावे का? मी एकटी राहते. (एक वाचक भगिनी, परभणी)

उत्तर : ठेवू नये. ४.५ मिलिमीटरचे, २० जूलपर्यंतच्या शक्तीचे एअर पिस्तूल नेमबाजी शिकायला उत्तम आहे; त्याने हल्लेखोर थांबत नाही, उलट खरे शस्त्र समजून तो आधी वार करील. मिरपुडीचा फवारा, दाराला साखळी आणि शेजारी ऐकू जाईल असा भोंगा यांवर तेवढेच पैसे खर्च करावेत.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करावी लागते. परत मिळताना अडचण येऊ नये म्हणून काय करावे? (एक वाचक, नांदेड जिल्हा)

उत्तर : नोटीस आली की मुदतीत जमा करावी, बँकेच्या रोकडीचे रक्षण किंवा क्रीडास्पर्धा अशी कारणे असतील तर सूट मिळावी म्हणून लेखी अर्ज द्यावा. नळ्यांना तेल लावून, बंदूक रिकामी असल्याचे अंमलदारासमोर उघडून दाखवावे. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, पट्टा व आवरण यांची नोंद आणि काडतुसे दिली असतील तर त्यांची संख्या अक्षरी लिहून घ्यावी.