मिरजेहून इंग्लंडला येऊ पाहणाऱ्या कोचला

तुझं पत्र दोनदा वाचलं. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड., मग पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स, सात वर्षांपासून मिरजेत स्वतःची छोटी व्यायामशाळा, रोज सकाळी तीस पोरं. आता इकडच्या एका विद्यापीठाचं स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगच्या (म्हणजे खेळाडूंची ताकद आणि शारीरिक तयारी घडवण्याच्या) एम.एस्सी.चं ऑफर लेटर हातात आहे आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. तू तीन गोष्टी विचारल्यास. यावं का, आधी कोणतं सर्टिफिकेट करावं, आणि "शिकता शिकता कोचिंग करून हप्ता निघेल ना, ताई?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुझं सगळं गणित त्यावर उभं आहे. नाही निघणार. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला कॉलेज सुरू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, हे एजंट सांगतो. पण त्याच नियमांत लिहिलंय की व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. स्वतःचा धंदाही करता येत नाही. इथल्या बऱ्याच जिममध्ये पर्सनल ट्रेनर पगारावर नसतो. तो जिमला महिन्याचं भाडं देतो आणि गिऱ्हाईक स्वतः शोधतो. म्हणजे तोही धंदाच झाला. जिममध्ये पगारी इन्स्ट्रक्टर म्हणून राहणं यात बसतं की नाही, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घे. फोनवर कुणी "चालतं हो" म्हणालं, तर ते धरू नकोस.

शिक्षणानंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्याची मुदत आजवर दोन वर्षं होती, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षच मिळणार आहे. त्यावर स्वतःचा धंदा करता येतो, पण व्यावसायिक खेळातली बंदी तिथेही आहे. त्यापुढे स्किल्ड वर्कर व्हिसा. २२ जुलै २०२५ पासून त्याला पदवी-पातळीची नोकरी लागते आणि साधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड. जिमच्या फ्लोअरवरची नोकरी बहुतेक वेळा किमान वेतनाच्या आसपास असते. एप्रिल २०२५ पासून ते तासाला १२.२१ पौंड होतं. तूच गुणून बघ. मी २०१५ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, त्यामुळे माझ्या डोक्यावर फीचं कर्ज नव्हतं. माझ्या वाटेचं उदाहरण बघून तू कर्ज काढू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

मलाही जोडीदाराच्या व्हिसावर खेळाचं कोचिंग करता येत नव्हतं. कायम वास्तव्य मिळेपर्यंतची पाच वर्षं मी सरकारी लेझर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या सार्वजनिक व्यायाम केंद्रात, इन्स्ट्रक्टर होते आणि वेटलिफ्टिंग क्लबमध्ये फक्त स्वतःच्या सरावाला जायचे. मधे एका जिमला भाडं भरून पर्सनल ट्रेनिंग करून पाहिलं. जानेवारीत गर्दी, उन्हाळ्यात तीन गिऱ्हाईकं, आणि भाडं मात्र बाराही महिने तेवढंच. पाच महिन्यांत सोडलं. पण लेझर सेंटरमधल्या त्या पाच वर्षांनी मला कोच केलं, आणि हे मी विचार करून लिहितेय.

पहिल्याच वर्षी साठीच्या पुढच्यांचा एक वर्ग माझ्याकडे आला. त्यात एकाहत्तर वर्षांचे एक निवृत्त बसचालक होते. खुर्चीच्या हातांना धरल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. मी आपल्याकडच्या सवयीनं सूचना द्यायला लागले: छाती वर, टाचा खाली, गुडघे बाहेर, पोट घट्ट, नजर समोर. ते तसेच बसून राहिले. हात खुर्चीवर, बोटं पांढरी पडलेली. माझी वरिष्ठ बाई काही बोलली नाही. तिनं दोन उशा आणून त्यांच्याखाली ठेवल्या. बैठक उंच झाली आणि ते हात न लावता उठले. मग स्वतःहून परत बसले, परत उठले. तीन आठवड्यांनी एक उशी काढली, अकराव्या आठवड्यात दुसरी.

त्या दिवसापासून मी सांगणं कमी केलं आणि मांडणी बदलायला शिकले. आता मी वेटलिफ्टिंग क्लबमध्ये शिकवते. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलगी स्नॅचला (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेण्याच्या उचलीत) बार मांडीपर्यंत यायच्या आतच कोपर वाकवते, तेव्हा मी "हात सरळ" असं शंभरदा म्हणत नाही. बार लाकडी ठोकळ्यांवर मांडीच्या उंचीला ठेवते. तिथून हातानं ओढायला जागाच उरत नाही, पायानं जमीन ढकलावी लागते. चार-पाच प्रयत्नांत शरीराला ते कळतं, मग ठोकळे खाली आणायचे. सुरुवातीला पाईप, मग हलका बार, मग पाच किलोच्या पण पूर्ण ४५० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटा, म्हणजे बार जमिनीपासून योग्य उंचीवर राहतो. तुझ्याकडे त्या प्लेटा नसतील, तर विटांवर फळी टाकून बार तेवढ्या उंचीला ठेव.

तू लिहिलंस की तुझ्या पोरांची राज्य पातळीवरची सहा पदकं आहेत, ती इथे धरतील का. फारशी नाही धरणार. इथे तुला शिकवताना बघतात. ब्रिटिश वेटलिफ्टिंग या इथल्या संघटनेच्या लेव्हल एक आणि दोन कोचिंग कोर्समध्ये तुला समोरच्याला उचल शिकवून दाखवावी लागते. यूकेएससीए ही इथल्या स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोचांची संघटना, तिच्या मान्यतेचे चार भाग आहेत: लेखी परीक्षा, वेटलिफ्टिंग आणि हालचालींचं प्रात्यक्षिक, उड्या-चपळता-वेग यांचं प्रात्यक्षिक, आणि एका खेळाडूवर केलेल्या कामाचं सादरीकरण. त्या चौथ्या भागात भले भले अडकतात, कारण नोंदी नसतात. तू आजपासून दोन पोरांच्या नोंदी ठेव. पोर आलं तेव्हा उंची, वजन, उडी किती होती, काय बदललं, का बदललं.

सर्टिफिकेटांपैकी सीएससीएस आधी कर. ती अमेरिकेच्या एनएससीए या स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगच्या संघटनेची परीक्षा, संगणकावर होते आणि भारतात राहूनच देता येते. दोन भाग, ९५ आणि १२५ प्रश्न. पदवी तुझ्याकडे आहेच. पण २०३० पासून त्यांनी मान्य केलेल्या अभ्यासक्रमाचीच पदवी लागणार आहे, तेव्हा हे काम पुढे ढकलू नकोस. इथल्या जिम लेव्हल तीन पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट मागतात, ते आल्यावर होतं. मुलांसोबत काम करायचं तर डीबीएस म्हणजे इथली चारित्र्य-पडताळणी लागते. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स निघताना घेऊन ये.

आता यावं का.

३० जुलै २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत, बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात, मी प्रेक्षकांत होते. तुमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे मिळून २४८ किलो उचलले. शेवटच्या दोन उचलींत कोपरानं दगा दिला आणि सुवर्ण एका किलोनं गेलं. मी रडले, खोटं कशाला सांगू. तो पोरगा सांगलीत घडला. तुला अशी पोरं घडवायची असतील, राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीनं दिवस भरलेले हवे असतील, तर तुझी जागा मिरजेतच आहे. इथे क्लबमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारी मुलंच जास्त, आणि वेटलिफ्टिंगवर पूर्ण पोट भरणारे कोच मला बोटांवर मोजता येतील एवढेच माहीत आहेत.

पण शाळेतल्या मुलापासून गुडघा बदललेल्या आजीपर्यंत कुणालाही हालचाल शिकवण्याचं काम तुला करायचं असेल, तर ते इथे नीट शिकायला मिळतं, आणि ते घेऊन तू परत गेलास तरी वाया जाणार नाही. जोर, बैठका, मल्लखांब हे सगळं आपल्याकडे आहे, फक्त ते कुणाला, कोणत्या क्रमानं द्यायचं याची शिस्त लावून घ्यायला हवी. तसं असेल तर ये, मात्र कर्जाचा हप्ता पहिलं दीड वर्ष घरून भरता येत असेल तरच. हप्त्याखेरीज व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि राहण्याखाण्याचे पैसे अर्जाआधी सलग २८ दिवस खात्यावर दिसावे लागतात. हे सगळे आकडे बदलत असतात, अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा बघ.

विद्यापीठाचं डिपॉझिट भरण्याआधी मला एक व्हिडिओ पाठव. ज्यानं कधी बार धरलेला नाही अशा कुणाला तरी वीस मिनिटं शिकव आणि मोबाईल बाजूला ठेवून शूट कर. मला त्याची उचल बघायची नाही, तू किती बोलतोस आणि काय हलवतोस ते बघायचंय. शनिवारी दुपारी तीननंतर मी मोकळी असते, इथल्या उन्हाळ्याच्या वेळेनं तुमच्याकडे तेव्हा साडेसात वाजतात. फोन कर, आणि शक्य असेल तर वडिलांनाही सोबत बसव.