भेग बुजवायच्या आधी पेन्सिल घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि ९३ सालची आमची मधली खोली डोळ्यासमोर आली. तुम्ही राहता तिकडं परदेशात मोठा भूकंप झालाय, ॲपवर दिवसाला चाळीस-पन्नास आफ्टरशॉक (मोठ्या धक्क्यानंतरचे छोटे धक्के) दिसतायत, घरमालक म्हणतोय भिंतीला पडलेली भेग बुजवून टाकू, आणि इकडं सोलापुरात तुमच्या आईला झोप नाही. टेबलाखाली जा वगैरे सांगत बसत नाही, ते माहीत असणारच.

भेग बुजवू देऊ नका. इतक्यात तर नाहीच.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा धक्का, विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले. आमचं जुनं माळवदाचं घर, कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. दसरा तोंडावर होता म्हणून मीच शहाणपणा करून आठव्या दिवशी गवंडी आणला, गिलावा, वरून चुना, एकदम चकाचक. धक्के मात्र चालूच होते आणि भिंत आतून सरकत होती, ते दिसणार कुठून? पंचनाम्याला साहेब आले, म्हणे भेग कुठंय, असली तरी जुनी असेल. फोटो नाही, तारीख नाही. चार चकरा मारल्यावर कळलं की अर्ज या टेबलावर घेतच नाहीत! (ऑफिसचं नाव घेत नाही.) पुढच्या पावसाळ्यात भिंतीनं पोट काढलं, ती उतरवायचा खर्च घरातूनच.

म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा, शेजारी तारीख, मोजपट्टी लावून फोटो. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरनं चिकटवा, भिंत हलली तर काच तडकते. टोक खुणेपुढं गेलं तर बाहेर पडा आणि जाणकाराला दाखवा. मी काही इंजिनिअर नाही हां, हे अनुभवाचं.

बाकी आकड्यांचं म्हणाल तर धक्के साधारण दिवसांच्या हिशोबानं विरळ होतात, दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहावा हिस्सा, ओमोरी नावाच्या जपानी माणसानं १८९४ लाच सांगितलंय. सगळ्यात मोठा आफ्टरशॉक बहुधा मुख्य धक्क्यापेक्षा एक-सव्वा अंकानं कमी, पण ही गॅरंटी नाही, नेपाळला २०१५ मध्ये ७.८ नंतर सतरा दिवसांनी ७.३ बसला होता. आणि 'छोटे बसले म्हणजे जोर निघून गेला' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एका अंकाला ऊर्जा बत्तीसपट, म्हणजे ६ चा जोर काढायला ४ चे हजारेक लागतील. किल्लारीला तर ९२ च्या ऑक्टोबरपासूनच हादरे बसत होते.

मी तेव्हा धक्क्यांची वही ठेवली होती, पण शेजारी यंत्रमाग, ते सुरू झाले की मांडणीवरची भांडी वाजायची आणि आम्ही दोनदा उगाच रस्त्यावर. मग माग बंद असताना टांगलेला बल्ब हलला तरच लिहायचो. तुम्हाला ॲप आहे, फक्त पहिला आकडा तासाभरात बदलतो, त्यावर लगेच घाबरू नका.

आईच्या मोबाईलवर ५ च्या वरचेच ॲलर्ट ठेवायला सांगा. 'आज रात्री अडीचला मोठा येणार' असला मेसेज आला तर सरळ डिलीट, वेळ सांगणारं यंत्र अजून कुणाकडं नाही.

भेगेचा फोटो टाका इथं, जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहा.