वडापला वेगळी लेन देता का हो?

प्रश्न : दादा, माझी मुलगी अमेरिकेत असते. तिच्या घराजवळच्या हायवेवर बस आणि कारपूल, म्हणजे एकाच गाडीतनं मिळून जाणाऱ्यांसाठी वेगळी लेन करायची म्हणून लोकांची मतं मागवलीत. गाडीत दोन-तीन माणसं असतील तरच त्यात घुसायचं. तिनं फोनवर विचारलं, बाबा काय लिहू? मी म्हटलं अगं ही तर आपली वडापची, म्हणजे शेअर जीपची लेन! पण मग वाटलं, आपल्या कोल्हापुरात कावळा नाका ते दाभोळकर कॉर्नर असं काही केलं तर? आणि आपल्याकडं हरकती-सूचना मागवल्या तर लिहायचं तरी काय?
— एक रिटायर्ड वाचक, राजारामपुरी

उत्तर : काका, वडाप एकदम फिट्ट बसलं बघा, फरक एवढाच की वडापमध्ये माणसं मोजत नाहीत, कोंबतात.

मुलीला सांगा, पहिलं हे विचार की लेन नवीन बांधताय का आहे त्यातलीच काढून घेताय. लॉस एंजेलिसला १९७६ मध्ये सांता मोनिका फ्रीवेवर चालू लेनपैकीच एक काढून बसला आणि तीन माणसांच्या गाड्यांना दिली, लोक असले भडकले की पाच महिन्यांत कोर्टानं बंद पाडली. त्याच भागात एल मॉन्टेला १९७३ मध्ये बससाठी वेगळी बांधलेली लेन मात्र टिकली, पुढं तिच्यात कारपूललाही घेतलं.

दुसरं, माणसं मोजणार कोण? जकार्तात १९९२ पासून गर्दीच्या वेळी मोठ्या रस्त्यांवर गाडीत तीन माणसं पाहिजेत असा नियम होता. मग काय, रस्त्याकडेला 'जॉकी' उभे राहायला लागले, पैसे घेऊन गाडीत बसायचं आणि पुढं जाऊन उतरायचं, कडेवर बाळ असलेली बाई म्हणजे एका फटक्यात दोन डोकी! असला जुगाड आपल्याला शिकवायला लागणार नाही. २०१६ मध्ये तो नियम काढला, आणि गंमत म्हणजे ट्रॅफिक अजूनच तुंबलं, संध्याकाळी किलोमीटरमागं होणारा उशीर २.८ मिनिटांवरून ५.३ वर गेला. म्हणजे एवढी फसवाफसवी होऊनसुद्धा नियमाचा उपयोग होत होता.

आता आपलं. अमेरिकेत कारपूल लेनमध्ये मोटारसायकल चालते, एकटा माणूस असला तरी. तो नियम इथं आणला तर शिरोली एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर अख्खी लेन टू-व्हीलरनी भरणार आणि केएमटीची बस मागं हॉर्न वाजवत बसणार. म्हणून मला विचाराल तर कारपूल राहू दे, आधी बसचं बघा. संध्याकाळी सहाला बसस्टॉपवर उभं राहून बघा, स्टॉपच्या जागेत रिक्षा लागलेल्या, म्हणून बस रस्त्याच्या मधोमध थांबते, माणसं ट्रॅफिकमधनं पळत जाऊन चढतात, आणि मागच्या एसयूव्हीत एकटाच बसलेला गडी बसला शिव्या घालतो. तिथं लेन नको, स्टॉप मोकळा करून द्या एवढं पुरे.

हरकतीत हेच लिहायचं. 'माझा तीव्र विरोध आहे' असलं वाक्य लिहून काय होत नाही, कुठला चौक, किती वाजता, काय अडतं आणि त्याऐवजी काय करा ते लिहा. नोटिशीतली मुदत बघा. दोन प्रती न्या, एक आवक-जावकला द्या आणि दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर मारून घ्या, नाहीतर कागद कुठं गेला कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : आम्ही चौघं एकाच गाडीतनं गोकुळ शिरगावला जातो, तिघं मला महिन्याला पैसे देतात. हे चालतं का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं न्यायची तर परमिट लागतं, नाहीतर ते वडापच झालं. चौघांकडं गाड्या असतील तर एक आठवडा तुमची, एक आठवडा त्यांची, पैशाचा विषयच नको.