मुखपृष्ठावरची कोरी पाटी

प्रश्न : वडिलांच्या कपाटात 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' या पुस्तकाची निळ्या कापडी बांधणीची जुनी प्रत सापडली. आत 'जॉर्ज न्यून्स, लंडन' व १८९२ हे साल छापलेले आहे. ही पहिली आवृत्तीच समजावी काय? पुठ्ठ्याचे कापड विरले असल्याने नवी बांधणी करून घ्यावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बांधणीचे आधी सांगतो, कारण तेथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. प्रत बाइंडरकडे मुळीच देऊ नका. मूळ कापड कितीही विरलेले असले, तरी पुस्तकाची ओळख पटवणारा पहिला पुरावा त्याच कापडावर आहे. मुखपृष्ठावरील चित्रात रस्त्याच्या नावाची एक पाटी दिसते. अगदी सुरुवातीच्या प्रतींत ती कोरी आहे. नंतरच्या प्रतींत तिच्यावर 'साउदॅम्प्टन स्ट्रीट' ही अक्षरे आली. 'स्ट्रँड' मासिकाचे कार्यालय त्याच रस्त्यावर होते आणि या बाराही कथा जुलै १८९१ पासून त्या मासिकातच प्रथम प्रसिद्ध झाल्या होत्या.

दुसरा पुरावा पान ३१७ वर आहे. 'कॉपर बीचेस'च्या कथेतील व्हायोलेट हंटर या तरुणीच्या नावात जुळाऱ्याच्या हातून एक अक्षर जास्तीचे पडले आणि बिचारी 'व्हायोलंट', म्हणजे हिंसक, हंटर झाली. एरवी मुद्रणदोष दिसला की आपण कपाळाला हात लावतो. संग्राहक मात्र नेमका तोच शोधत असतात, आणि अशा वेळी त्यांचे थोडे हसूही येते. पाटी कोरी असून हा दोषही आढळला, तर तुमची प्रत पहिल्या छपाईची असण्याची शक्यता बळकट होते. केवळ साल पाहून निष्कर्ष काढू नये, कारण न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स यांची अमेरिकी आवृत्तीही १८९२ चीच आहे. याच मालिकेतील पुढचा संग्रह, 'मेमॉयर्स', तर डिसेंबर १८९३ मध्ये बाजारात आला, तरी त्यावर साल १८९४ असे आहे.

प्रतीला प्लास्टिकचे घट्ट वेष्टन घालू नका. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून बुरशी धरते. सुटलेल्या पानांना चिकटपट्टीही लावू नका. आतल्या कोऱ्या पानावर वडिलांनी किंवा आधीच्या कोणा मालकाने नाव लिहिले असेल, तर तेही खोडू नका.