ओआरएम की हाताने लिहिलेली क्वेरी?

महापेच्या नव्या नोकरीत जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) आहे म्हणतोस, तर त्यातलं ओआरएम, म्हणजे पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेऱ्या स्वतः बनवणारा भाग, वापरच. रोजचं इन्सर्ट-अपडेट, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) यासाठी हाताने क्वेऱ्या लिहिणं ही उगाच हमाली.

गोची होते ती यादीच्या पानावर. समज, १०० ऑर्डरी आणल्यास आणि लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव छापलंस. ओआरएम गुपचूप प्रत्येक ऑर्डरमागे आणखी एक क्वेरी मारतं, म्हणजे एकूण १०१. तुझ्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो, त्यामुळे कळतही नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, पान रखडतं. ऑर्डरी आणतानाच सिलेक्ट-रिलेटेड (select_related) लावलंस की दोन्ही टेबलं जोडली जाऊन (जॉइन) एकच क्वेरी जाते. डीबग टूलबार (पानामागच्या क्वेऱ्या दाखवणारं साधन) चालू ठेव आणि क्वेऱ्यांचा आकडा बघत जा.

महिनाअखेरचे रिपोर्ट, पाच-सहा टेबलं, विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून चालती बेरीज, क्रमांक काढणारं) असलं काही आलं की मात्र सरळ एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी, लिही. तिथे ओआरएमची लांबलचक साखळी पुढे तुलाच वाचता येणार नाही. फक्त युजरने दिलेली व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये चिकटवू नकोस, पॅरामीटर म्हणूनच दे. नाहीतर एसक्यूएल इंजेक्शनला (कुणीतरी व्हॅल्यूतून स्वतःची क्वेरी घुसवण्याला) आमंत्रणच.

दोन्हीकडे एक्सप्लेनचं (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट वाचता यायला हवं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येताना बसायला जागा मिळालीच (मिळते कधीकधी), तर पोस्टग्रेस डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमधला तेवढा भाग वाचून काढ.